दुधातली साखर

भाकरीचा पहिला घास साहेब साठ वेळा चावायचे. समोर पिठलं असो, वांग्याची भाजी असो नाहीतर सणाचं ताट असो, आधी भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात टाकायचा, डोळे मिटायचे आणि चावत बसायचं. शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांची अर्धी भाकरी संपली तरी साहेबांचा पहिला घास चालूच. मग एकदम डोळे उघडून म्हणायचे, "झाली गोड." त्यानंतर मात्र चारचौघांसारखं जेवायचे.

सासूबाईंना वाटलं, माणसाच्या दाढा दुखत असतील. त्यांनी दोन दिवस लवंगेचं तेल काढून ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोंडावरच विचारलं, "बाबा, दातानं हैराण झालायसा का?"

"नाही हो आई. भाकरीतली साखर काढतोय."

"भाकरीत कुठली आली साखर? जुंधळ्याची भाकरी हाय ती."

"तुम्ही चावून बघा. गिळायचं नाही. मी साठ म्हणेन तेव्हा सांगा."

सासूबाई चुलीपुढे बसून चावू लागल्या आणि साहेब मोजू लागले. माझ्या हातात पीठ, तव्यावर भाकरी, मला हसू आवरेना. पन्नासच्या पुढे गेल्यावर सासूबाईंचे हात गुडघ्यावर थांबले.

"व्हय की गं!" त्या मला म्हणाल्या. "गोडूस लागतंया. इतकी वर्सं खाल्ली, आन् आज कळलं."

तेव्हापासून सासूबाईंनी त्यांना घरातलं मानलं. वेडा, पण घरातला.

ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या तीन-चार वर्षं आधीची. इंदापूर तालुक्यात कालव्याचं पाणी आलं होतं, माळावर ऊस उभा राहिला होता आणि त्या उसासाठी कारखाना. आमचं घर अंथुर्ण्याचं, माझं माहेर वडगाव निंबाळकरचं. आमच्या ह्यांना कारखान्यात टाइमकीपरची नोकरी लागली म्हणून आम्ही कारखान्याच्या वस्तीत दोन खोल्यांत राहायला आलो. सासूबाई, आम्ही दोघं, आणि सासूबाईंची एक गाय. गाईशिवाय त्या यायला तयार नव्हत्या. साहेब कारखान्याच्या लॅबोरेटरीत केमिस्ट होते. पलीकडच्या चाळीत एकटेच राहायचे. स्वयंपाक येत नव्हता, म्हणून दोन्ही वेळा आमच्याकडे जेवायचे. वस्तीत कोण कुणाकडे जेवतं हे कुणी फार विचारत नसे, आणि विचारलं असतं तरी त्यांना ते ऐकू गेलं नसतं.

पस्तिशीचा माणूस, उंच, किडकिडीत, केस कायम कपाळावर. अंगात एक खाकी कोट, आणि त्या कोटाच्या खिशात बुचाची बाटली. बाटलीत आयोडीन. उजव्या हाताची बोटं त्यामुळे कायम पिवळट तपकिरी. जे दिसेल त्यावर ते एक थेंब टाकायचे. भातावर टाकला तर भात निळाशार. बटाट्यावर टाकला तर बटाटा निळा. कच्च्या केळावर निळा, पिकल्या केळावर नुसता पिवळा. मला बोलावून दाखवायचे, "वहिनी, हे बघा. कच्चं असताना केळात पीठ असतं. पिकलं की त्या पिठाची साखर होते. झाडावरून तोडलेलं केळं टोपलीत बसून हे काम करतं! आपण झोपलेलो असतो आणि ते करत असतं."

मी चौथीपर्यंत शिकलेली. पण ते मला सांगताना कधी असं सांगायचे नाहीत की हिला काय कळणार. उलट मी काही विचारलं की खूष व्हायचे. एकदा माझ्या माहेरी वडगावला हुरड्याला आले होते. शेतातल्या आगटीभोवती आम्ही सगळे बसलो होतो. मी सहज विचारलं, "साहेब, केळं पिकताना गोड होतं, मग जोंधळा उलटा का? हुरडा गोड असतो आणि दाणा वाळला की गोडी जाते."

ते हातावरचा हुरडा तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

"हा प्रश्न," ते म्हणाले, "मला कॉलेजात एकाही मुलाने विचारला नाही."

मग पुष्कळ वेळ बोलत बसले. दाणा म्हणजे पुढच्या रोपाची शिदोरी. साखर ओली, ती टिकत नाही. म्हणून जोंधळा साखरेला साखर जोडत जातो आणि पीठ करून ठेवतो. दाणा पेरला, मोड आला, की रोपटं ते पीठ पुन्हा फोडतं आणि साखर करून खातं. "आपल्या आधी रोपाला भूक लागते वहिनी. आपण त्याचीच शिदोरी चोरून खातो." हुरडा गार झाला. माझा भाऊ नंतर म्हणाला, तुमचा साहेब माणूस चांगला आहे, पण त्याच्याबरोबर जेवायला बसू नये.

भिगवणची गंमत आमच्या ह्यांनी सांगितली. लॅबोरेटरीची काचेची भांडी रेल्वेने भिगवणला येणार होती. ती आणायला दोघं गेले होते. स्टेशनाबाहेर बाजार भरलेला. हलवायाने कागदावर बरफीचे दोन तुकडे दिले. साहेबांनी खिशातली बाटली काढली आणि टाकला थेंब. बरफी शाईसारखी काळीनिळी झाली. खव्यात पीठ मिसळलेलं. भोवती माणसं जमली, कुणीतरी "फसवतोय, फसवतोय" म्हणून ओरडलं, हलवायाचा चेहरा पांढरा पडला. साहेबच जास्त घाबरले. "नाही नाही, मी परीक्षा घेत नव्हतो," ते हात जोडून हलवायाला म्हणाले, "मला नुसतं बघायचं होतं." पुढच्या खेपेला गेले तर त्याच हलवायाने लांबून हाक मारून बोलावलं आणि चार माणसांदेखत बरफीवर थेंब टाकायला लावला. रंग पिवळाच राहिला. हलवाई म्हणाला, "आता बोंबलून सांगा की साह्यब!" साहेबांना बोंबलता येत नव्हतं. त्यांनी टोपी काढून त्याला नमस्कार केला.

बैलांचा त्यांना हेवा वाटायचा. हे मी गमतीने सांगत नाही, खरंच वाटायचा. गळिताच्या दिवसांत उसाच्या गाड्यांची रांग लागायची. गाडीवान बैलं सोडून कडबा टाकायचे आणि बिड्या ओढत बसायचे. साहेब बैलांसमोर उकिडवे बसून त्यांचं रवंथ बघत राहायचे. गाडीवानांना वाटायचं, साहेबाचा काहीतरी नवस असणार. एकदा पावसाळ्यात, गळीत बंद असताना मी विचारलं, तेव्हा मला म्हणाले, "कडबाही साखरेचाच असतो वहिनी. भाकरीत जी साखर, तीच कडब्यात. आपण कडबा खाल्ला तर उपाशी मरू. बैल मात्र त्यावर गाडी ओढतो."

"तीच साखर, मग आपल्याला का चालत नाही?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. नागपंचमी होऊन दोन दिवस झाले होते आणि चाळीच्या मागे बाया अजून फुगड्या खेळत होत्या. त्यांनी तिकडे बोट केलं.

"एक साखर म्हणजे एक बाई समजा. एकटी बाई म्हणजे ग्लुकोज. अंगात जोर येतो तो तिच्यामुळे. उसाची साखर म्हणजे दोघींची फुगडी. एक ही ग्लुकोज, दुसरी फळांत आणि मधात असते ती. भाकरीतलं पीठ म्हणजे हजार बायांची रांग, हातात हात धरून, सगळ्या एकीकडे तोंड करून. कडबा म्हणजेही तशीच रांग. पण त्यात एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. एकाआड एक उलटी. आपल्या पोटात जो हात सोडवणारा आहे, त्याला उलटी बाई सोडवता येत नाही. बैलाच्या पोटात तो सोडवणारा मुक्कामाला आहे."

सासूबाई धान्य निवडत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "उलटी बाई कुनालाच सोडवता येत न्हाय, बाबा."

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी मी दारात रांगोळी काढत होते. ते जेवायला आले आणि माझ्या रांगोळीच्या कडेला त्यांनी चिमटीने सहा कोनांची कडी काढली, तिला जोडून दुसरी, तिसरी. दारापासून गोठ्यापर्यंत साखळी नेली. शेजारणीने बघितलं आणि चाळभर झालं की टाइमकीपरच्या दारात कुणीतरी जंतर मांडलं आहे. सासूबाईंनी शेणाचा हात फिरवून सगळी साखळी पुसली आणि त्यांना सांगितलं, "बाबा, तुमची साखर कागदावर काढायची. माज्या दारात न्हाय."

"बरं आई," ते म्हणाले.

माझी मुलगी इंदू तेव्हा पाळण्यात होती. साहेब तिच्या जवळ कधी जायचे नाहीत. पाळण्याला वळसा घालून पाटावर बसायचे. मला वाटायचं, एकटा राहिलेला माणूस, लहान मुलांची सवय नसेल.

इंदू अकरा महिन्यांची असताना मला हिवताप झाला. कालवा आल्यापासून त्या भागात हिवताप घरोघर होता. तीन आठवडे मी अंथरुणात होते. त्यात माझं दूध आटलं. घरात गाय होतीच. सासूबाईंनी इंदूला गाईचं दूध सुरू केलं. ते तिला चांगलं मानवलं. मी उठून बसू लागले, आणि इंदूला हगवण लागली. बारामतीच्या डॉक्टरांकडे नेलं. म्हातारे, शांत गृहस्थ होते. त्यांनी औषध दिलं, तांदळाची पेज द्यायला सांगितली. दोन दिवसांत हगवण थांबली. पोर घरी आणली. अशक्त झाली म्हणून सासूबाईंनी वाटीभर दूध पाजलं. संध्याकाळपर्यंत पुन्हा सुरू.

मग तेच चक्र. पेजेवर ठेवलं की थांबायची. दूध पाजलं की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, फेसाळ पाण्यासारखं व्हायचं, ढुंगण भाजल्यासारखं लाल. आम्हाला दूध आणि दुखणं यांचा संबंध कळलाच नाही. उलट वाटायचं, दूध कमी पडतंय. महिन्याभरात इंदूच्या मांड्यांची कातडी लोंबायला लागली. डोळे मोठे दिसायला लागले. तिचं रडणं बारीक झालं, मांजराच्या पिलासारखं. सासूबाईंनी दृष्ट काढली, अंगारा लावला. शेजारणी माझ्याकडे बघून नजर खाली घालायच्या.

एक दिवस दुपारी साहेब जेवायला आले. मी इंदूचं दुपटं बदलत होते. ते दारातच थांबले. नाक वर करून वास घेतला, आणि पहिल्यांदाच पाळण्याजवळ आले.

"वहिनी, आंबट वास येतोय."

"आठ दिवस असाच येतोय."

"ते दुपटं मला द्या."

मी लाजेने मेले. "अहो, धुवायचं आहे ते!"

"धुवू नका. तसंच द्या."

आमचे हे म्हणाले, "साहेब, काहीतरीच काय?" पण त्यांनी ते घाण दुपटं माझ्या हातातून घेतलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि जेवणाच्या ताटाकडे न बघता लॅबोरेटरीत निघून गेले. कारखान्यात सगळ्यांनी ते बघितलं. ह्यांना आठ दिवस लोक विचारत होते.

ते तासाभराने परत आले तेव्हा हातात काचेची नळी होती. तळाशी विटेच्या रंगाचा गाळ.

"हे साखर ओळखायचं निळं पाणी होतं," ते म्हणाले. "त्यात पोरीचं पोटातलं पडलं आणि तापवल्यावर हे असं झालं. म्हणजे साखर आहे. दुधातली साखर तिच्या अंगात जातच नाही. जशीच्या तशी खाली उतरतेय, सडतेय, आंबतेय, आणि अंगातलं पाणी ओढून नेतेय. आई, दूध बंद करा."

सासूबाई गाईला पेंड घालून आत येत होत्या. त्या घमेलं हातात घेऊनच थांबल्या.

"काय म्हनालासा?"

"दूध बंद करा. एक थेंबही नको."

"वाळून काडी झालीया पोर, आन् दूद बंद करा? तुमी शिकल्यालं हायसा, पर लेकरं वाढीवल्यात का कदी? हितं माज्या हाताखाली सात वाढल्यात! दूद म्हंजी अमृत हाय. तुमच्या नळीत घाला आयोडीन न्हाय तर काय बी. माज्या नातीवर न्हाय!"

साहेब ओट्यावर बसले. नळी त्यांनी बाजूला ठेवली. मग खाली बघतच बोलू लागले.

"मला मुलगी होती आई. चौदा महिन्यांची. तिला असंच झालं होतं. मी पुण्याला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. तिची आई मला म्हणायची, दूध दिलं की बिघडतं हो, मला दिसतंय. मी म्हणायचो, तुला काय कळतं, दूध पूर्ण अन्न आहे, पुस्तकात लिहिलंय. ती पाजायला तयार नसायची. मग मी माझ्या हाताने वाटी तोंडाला लावायचो."

आमचे हे भिंतीला टेकून उभे होते, ते खाली बसले.

"पोरगी गेली. त्यानंतर मी वाचायला लागलो. बाहेरच्या देशांत डॉक्टरांना हे आधीच ठाऊक होतं. दुधातली साखरही फुगडीच असते, वहिनी. एक ग्लुकोज, दुसरी हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी, फक्त एका हाताचा फरक. पोट दुखण्यातून उठलं की ती फुगडी सोडवणारा काही दिवस कामावर येत नाही. एवढंच असतं. काही आठवडे दूध थांबवलं की तो परत येतो. एवढंच करायचं होतं."

सासूबाईंनी घमेलं खाली ठेवलं.

"आन् तुमची बायकू?"

"कऱ्हाडकडे असते. माहेरी. सहा वर्षं झाली." मग ते उठले. "मी डॉक्टर नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका. बारामतीला जाऊन येतो."

भर उन्हात सायकलवर गेले आणि दिवस मावळायच्या आत परत आले. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती. त्यात लिहिलं होतं की केमिस्ट म्हणतात ते पटण्यासारखं आहे, मी पुस्तक काढून पाहिलं, दूध बंद करून बघा, वजन घेत जा, आणि पोर मलूल झाली तर लगेच घेऊन या. ह्यांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली. सासूबाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

दूध बंद केलं, पण ताकद कशाने येणार? त्यावर साहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. त्याच गाईच्या दुधाचं आंबट दही लावायचं, फडक्यात टांगायचं. साखर बरीचशी पाण्याबरोबर निघून जाते, काही विरजणच खाऊन टाकतं. राहिलेला चक्का उकळून निवलेल्या पाण्यात घुसळून द्यायचा. आणि दुसरी, मोड आणलेल्या गव्हाचं पीठ. मी गहू भिजवले, मोड आणले, उन्हात वाळवले, मोड चोळून काढले आणि जात्यावर दळलं. तोपर्यंत इंदू नुसत्या पेजेवर आणि चक्क्यावर होती.

पीठ झालं त्या सकाळी साहेब चुलीपाशी येऊन बसले. सासूबाई पलीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी तांदळाच्या पिठाची पेज केली होती, चमचा उभा राहील इतकी घट्ट. एवढी घट्ट पेज इंदूच्या घशाखाली उतरली नसती, आणि पातळ केली तर त्यात पाण्याशिवाय काही उरलं नसतं. साहेबांनी पातेलं खाली उतरवायला लावलं. जरा निवू दिलं. मग म्हणाले, "आई, इकडे बघा."

आणि त्यांनी मोडाच्या गव्हाचं एक चमचा पीठ त्यात टाकून ढवळलं. मी पातेल्यावर वाकले होते. चमचा आधी जड फिरत होता. मग हलका झाला. मग पेज पाण्यासारखी पातळ झाली, आमच्या डोळ्यांदेखत, पाण्याचा थेंब न घालता.

सासूबाई सरकत सरकत जवळ आल्या होत्या. त्यांनी साहेबांच्या हातातून चमचा घेतला, वर उचलला, पेज धारेने खाली पडली.

"आक्षी पानी झालं की रं बाबा!" त्यांनी जिभेवर थेंब घेतला. "आन् गोड लागतंया."

"गव्हाला मोड आला की तो आपली शिदोरी सोडायला लागतो," साहेब म्हणाले. "आपण त्याच्याकडून पेजेचं काम करून घेतलं. आता हिच्या पोटाला मेहनत नाही. थोडं थोडं द्या, पण दर दोन तासांनी. मोठ्या माणसाच्या काळजाजवळ लिव्हरमध्ये साखरेचा साठा असतो, उपाशी राहिलो की तो कामाला येतो. हिचा संपलाय. म्हणून ती सकाळी निपचित असते."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "आन पोरीला. म्या पाजते."

पुढचे आठ दिवस मला जन्मभर पुरले. उसाचे नमुने तोलायचा स्प्रिंगचा ताणकाटा साहेबांनी लॅबोरेटरीतून आणून आमच्या आढ्याला टांगला. रोज सकाळी इंदूला झोळीत घालून काट्याला लावायचं. काटा वाचायचं काम त्यांचं. दुसऱ्या दिवशी वजन उतरलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. भाकरीचा तुकडा हातात धरून बसले आणि तसाच ताटात ठेवून गेले. तिसऱ्या दिवशीही उतरलं. आमचे हे म्हणाले, कुणाची तरी गाडी जोडू का, डॉक्टरांकडे नेऊ. साहेब म्हणाले, "जोडा." पण इंदू मलूल नव्हती, डोळ्यांनी सासूबाईंच्या बांगड्यांकडे बघत होती. त्या दिवशीचं तिचं दुपटं मी साहेबांना दाखवलं. फेस नव्हता. आंबट वास नव्हता. ते नाकाला लावून उभे राहिले आणि म्हणाले, "आज नका जोडू. उद्या बघू."

चौथ्या दिवशी वजन तेवढंच. पाचव्या दिवशी काटा एवढासा खाली सरकला, म्हणजे वजन वाढलं. साहेबांनी झोळी उतरवली, पुन्हा लावली, पुन्हा वाचलं. सातव्या दिवशी सकाळी मी पाणी भरत होते आणि घरातून रडण्याचा आवाज आला. मांजराच्या पिलाचा नाही. भुकेचा, रागाचा, चाळ दणाणून सोडणारा. मी घागर टाकून धावले. सासूबाई वाटी कालवत होत्या आणि इंदू त्यांच्या पदराला दोन्ही मुठींनी ओढत बोंब मारत होती. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या तिला शिव्या देत होत्या. "थांब की गं भवाने! दम निघंना व्हय तुला!" साहेब लॅबोरेटरीतून धावत आले. त्यांनी तो आवाज तिथवर ऐकला होता.

दोन महिन्यांनी पुन्हा दूध देऊन बघायचं होतं. डॉक्टर म्हणाले, आता हरकत नाही. साहेबांनी आज-उद्या करत आणखी पंधरा दिवस काढले. शेवटी सासूबाईंनीच एक चमचा दूध आणलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "घ्या. तुमीच पाजा." त्यांचा हात पुढे आला नाही. ते उठून बाहेर गेले. मग सासूबाईंनी पाजलं. आम्ही दिवसभर वाट बघितली. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दोन चमचे. काही नाही. आठवड्याने वाटी. इंदूच्या ओठावर पांढरी मिशी उमटली आणि ती हसली. साहेब चाळीच्या टोकाला उभे होते. मी जाऊन सांगितलं. ते "बरं झालं, बरं झालं" एवढंच म्हणत राहिले आणि खिशातली बाटली काढून तिचं बूच उगीच उघडत-लावत राहिले.

गळिताचा हंगाम संपत आला तेव्हा एकदा जेवताना सासूबाई म्हणाल्या, "बाबा, बायकूला आना आता."

"ती येणार नाही, आई."

"तुमी गेलासा का कदी इचारायला?"

"नाही."

"सहा वर्सांत एकदा बी न्हाय?"

"काय तोंड घेऊन जाणार?"

"हाय त्येच त्वांड घिऊन जायाचं," सासूबाई म्हणाल्या. "तिचं खरं हुतं, आन् तुमी ऐकलं न्हाय. येवढं तिला सांगितलं का कदी? तुजं खरं हुतं म्हून?"

साहेबांनी मान हलवली. सांगितलं नव्हतं. कारखाना बंद झाल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली आणि बारामतीच्या गाडीने गेले.

अकरा दिवस त्यांचं काही कळलं नाही. बाराव्या दिवशी दुपारी बारामतीकडून एक बैलगाडी वस्तीत शिरली. साहेब गाडीच्या मागून चालत येत होते. गाडीत एक बाई होती, सडपातळ, हिरवं लुगडं, मांडीवर लहानशी पेटी. त्यांनी तिला 'तुझं खरं होतं' म्हणून सांगितलं होतं, पण वाटेत ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. हे त्यांनी पुढे केव्हातरी आमच्या ह्यांना सांगितलं.

सासूबाई पुढे झाल्या, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिला आमच्याच घरात आणलं. ती चटईवर बसली. पेटी शेजारी ठेवली. इंदू तेव्हा नुकती चालू लागली होती. ती डुलत डुलत गेली आणि नवीन बाईच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. बाईने हात पुढे केला नाही. नुसती बघत राहिली.

"हीच का ती?" तिने मला विचारलं.

"हो. हीच."

"केवढी झाली?"

"दीड वर्षाची होईल."

तिने विचारलं, "दूध पचतं का हिला आता?"

"पचतं. आता रोज पिते."

सासूबाईंनी दुधाची वाटी भरून आणली आणि तिच्या हातात दिली. वाटी घेताना थोडं दूध लुगड्यावर सांडलं. पण इंदूला कुठला धीर. तिने दोन्ही हातांनी वाटी ओढून तोंडाला लावली आणि गटागटा प्यायली. बाईने पदराने तिचं तोंड पुसलं. एकदा पुसलं, मग पुन्हा पुसलं, आणि मग तिला उचलून छातीशी धरलं. मी, सासूबाई आणि आमचे हे, तिघंही इकडेतिकडे बघत राहिलो.

दार उघडं होतं. बाहेर साहेब उन्हात पिशवी हातात धरून उभे होते, पाठ आमच्याकडे. आत येऊ का नको, हे त्यांना कळत नव्हतं.

तिने इंदूच्या डोक्यावरून त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "उन्हात का उभे? आत या."

ते वळले आणि आत आले. चपला काढायचं विसरले होते. सासूबाईंचा उंबऱ्याचा नियम मोठा कडक, पण त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत.